ब्रेकवरचा पाय

“ही गाडी तुम्ही घेऊ नका, अक्का,” रोनक म्हणाला आणि गाडीच्या बॉनेटवरची धूळ स्वतःच्या रुमालानं पुसू लागला.

जुन्या गाड्या विकणाऱ्या माणसाच्या तोंडून असं वाक्य दिपमालानं उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. धुळ्याहून सकाळच्या एसटीनं ती जळगावला आली होती ती हीच गाडी बघायला. लाल, बुटकी, दोन दारांची, दोनच सीटांची. बॉनेटवरचा रंग उन्हानं जरा विटलेला. मागच्या बाजूला कंपनीचं नाव होतं, त्यातली दोन अक्षरं पडून गेली होती. फैजपूरच्या एका केळीवाल्याच्या मुलानं हौसेनं आणलेली गाडी. मुलगा परदेशी गेला आणि गाडी विक्रीला आली.

“का घेऊ नको?”

“एकवीस वर्षांची आहे. पार्ट मिळत नाहीत. मागचा लाइट फुटला तर मुंबईला नाहीतर दिल्लीला माणूस धरा. म्हणजे नाकापेक्षा मोती जड. पासिंग चारच वर्षं राहिलंय. आणि हिचा क्लच जड आहे, अक्का. तुमचा गुडघा दुखतो ना? गेटमधून येताना पाहिलं मी.”

“क्लच डाव्या पायानं दाबतात. माझा उजवा दुखतो.”

रोनक जरा गडबडला. तिशी-बत्तिशीचा, गोरा, पोट नुकतंच सुटू लागलेला तरुण. तरी दुकानदाराचा नातू. लगेच सावरला आणि तिला शेजारच्या पांढऱ्या गाडीकडे घेऊन गेला.

“ही बघा. क्लचच नाही हिला. भाजी आणा, दवाखान्यात जा, नातवंडं मागे बसवा.”

“मला नातवंडं नाहीत.”

“होतील की.”

दिपमालानं पांढऱ्या गाडीकडे बघितल्यासारखं केलं. गाडी चांगली होती. शहाण्यासुरत्या बाईनं घ्यावी अशीच होती. तिनं पुन्हा मान वळवून लाल गाडीकडे पाहिलं, आणि ते रोनकनंही पाहिलं.

दिपमाला त्रेपन्न वर्षांची होती आणि त्यातली बावीस वर्षं तिनं गाडीच्या डाव्या सीटवर काढली होती. धुळ्यातल्या एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ती बायकांना गाडी शिकवायची. शिकवायच्या गाडीला डावीकडेही क्लच आणि ब्रेक असतात. शिकणारी उजवीकडे बसते, घाबरते, चुकते, किंचाळते. डावीकडची बाई शांतपणे ब्रेक दाबते. डॉक्टरांच्या बायका, एक सरपंचबाई, साठीला आलेल्या सुंदरबाई, ज्यांना फक्त शिंदखेड्याला लेकीकडे जाण्यापुरती गाडी यायला हवी होती; सगळ्या तिच्याच हाताखालून गेल्या. बावीस वर्षांत स्कूलच्या गाडीत तिच्या हातून एकही अपघात नाही. कारण बावीस वर्षांत तिचा उजवा पाय कधी निवांत टेकलाच नाही. तो ब्रेकच्या वर अधांतरी असायचा. डॉक्टर म्हणाले, गुडघा त्यानंच झिजला.

सवय इतकी हाडात गेलेली, की एसटीत बसली तरी ती पुढच्या पत्र्यावर पाय दाबायची. आज सकाळी धुळे ते जळगाव तिनं ड्रायव्हरच्या वाटणीचे निदान वीस ब्रेक मारले असतील. शेजारच्या म्हातारीनं शेवटी विचारलं, “बाई, पायात गोळा आला का?”

ती स्वतः गाडी चालवायची, नाही असं नाही. ऑफिसपासून शिकणारीच्या दारापर्यंत. गल्ली ते गल्ली, वीसच्या वेगानं. पारोळा चौफुलीच्या पलीकडे गाडी न्यायची नाही, असा स्कूलचा नियमच होता. घरी फक्त स्कूटर. नवरा प्रेमराज, झेडपीच्या शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. त्याला तिनं एकदा शेजाऱ्याच्या, डावीकडे ब्रेक नसलेल्या गाडीवर शिकवायला घेतलं, तर तिसऱ्या दिवशी त्यानं गाडी सरळ नाल्यात घातली आणि वर म्हणाला, “तुनं लक्ष कठे व्हतं?” त्यानंतर दोघांनी तो विषय काढला नाही.

आणि मग गेल्या श्रावणात पलक नावाच्या कॉलेजातल्या मुलीनं, कसलाही वाईट हेतू नसताना, विचारलं होतं, “मॅडम, तुम्हाला स्वतःला गाडी चालवता येते ना? म्हणजे... खरी?”

मागे बसलेल्या दोघी हसल्या. दिपमालाही हसली. पण तो प्रश्न घरी आला, जेवायला बसला, आणि जाईचना. तिला भीती गाडीची नव्हती. दुसऱ्यांना थांबवता थांबवता आपण चालवायचं विसरून तर गेलो नाही ना, ही भीती होती. दिवाळीला तिनं नोकरी सोडली. मालकांनी नारळ आणि साडी दिली. तिनं ठरवलं, गाडी घ्यायची, आणि अशी घ्यायची की जिच्यात कुणाला काही शिकवताच येणार नाही. मोबाइलवर ही लाल गाडी दिसली तेव्हा तिनं प्रेमराजला फोटो दाखवला. तो चष्मा पुसत म्हणाला, “हाई तं खेळनानी गाडी शे.” खेळण्यातली गाडी म्हणाला, पण नको म्हणाला नाही.

आता इथं हा दुकानदारच नको म्हणत होता. दिपमाला जरा बाजूला गेली आणि तिनं घरी फोन लावला.

“दखी का गाडी?” प्रेमराजनं विचारलं.

“दखी. चांगली शे. पन तो दुकानदार म्हनस, लेऊ नका.”

“लेऊ नका म्हनस? मंग भाव चढाडस तो! नको म्हना, म्हंजे गिऱ्हाईक हटी पेटस.”

“माले बी तसंच वाटस. पन पोऱ्या तसा वाटत नही.”

“तोंडवरथून काय समजस? तू इतल्या बायास्ले शिकाडं. चालाडीसन दख ना.”

चालवून बघ म्हणतो; मास्तर कधी कधी बरोबर बोलत असे. माणूस बोलण्यात लपतो, स्टिअरिंगवर लपत नाही, हे तिचं स्वतःचंच मत होतं. गरीब गाय दिसणारी बाई सिग्नलला कशी वाघीण होते आणि घरात सासूला धाकात ठेवणारी रिव्हर्स घेताना कशी रडते, हे तिनं पाहिलं होतं.

“एक चक्कर मारू,” ती रोनकला म्हणाली.

रोनकनं चावी आणली. त्यानं अदबीनं उजवं दार उघडून धरलं. दिपमाला पदर सावरत गाडीला वळसा घालून गेली, डावं दार उघडून आत बसली, पट्टा लावला आणि समोर बघत म्हणाली, “हं. न्यूट्रल बघा. आरसा बघा. चालू करा.”

रोनक उघड्या दाराशी तसाच उभा. मग तो स्टिअरिंगवर बसला. त्यानं न्यूट्रल पाहिलं, आरसा पाहिला आणि गाडी चालू केली. आपण काय केलं हे दिपमालाच्या ध्यानात आलं तेव्हा गाडी गेटच्या बाहेर पडली होती. तिला इतकी लाज वाटली की कान गरम झाले. पण आता बोलून हात दाखवून अवलक्षण कशाला? जे तिला येत होतं ते ती करू लागली. चालवणाऱ्याकडे बघू लागली.

गाडी महामार्गाला लागली. पाळधीच्या बाजूला. डिसेंबरचं ऊन कोवळं होतं, कापसानं भरलेले ट्रॅक्टर बाजूबाजूनं चालले होते. रोनक बरा चालवत होता. डावा पाय मात्र क्लचवर ठेवून.

“क्लचवरून पाय काढा,” ती म्हणाली.

“अं?”

“गिअर बदलायचा नसेल तेव्हा पाय खाली. प्लेट जळते. म्हणे क्लच जड आहे!”

रोनकनं निमूट पाय काढला. पण दिपमालाच्या नजरेत आता दुसरंच काही येऊ लागलं. दुसरा गिअर टाकताना तो दांडा किंचित उजवीकडून फिरवून घेत होता; सरळ टाकला असता तर अडला असता, हे त्याच्या हाताला माहीत होतं. गतिरोधकावर त्यानं गाडी तिरकी घेतली, पोट घासू नये म्हणून. दारात कुठंतरी खडखड सुरू झाली तर त्यानं न बघता कोपरानं एका ठरावीक जागी ठोसा दिला आणि खडखड थांबली. गिऱ्हाइकाला दाखवण्यापुरती चार वेळा चालवलेल्या गाडीचं एवढं माहीत नसतं. हे रोजच्या माणसाचं काम होतं.

“किती दिवस झाले ही गाडी तुमच्याकडे येऊन?”

“चौदा महिने.”

“गिऱ्हाईकं किती आली?”

“पाच. तुम्ही सहाव्या.”

“त्या पाचांनाही असंच सांगितलं? पार्ट मिळत नाहीत, क्लच जड आहे?”

 बांभोरीचा पूल आला. खाली गिरणेचं थोडंसं पाणी आणि बरीचशी वाळू. पूल ओलांडल्यावर त्यानं गाडी कडेला घेऊन थांबवली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसला.

“खोटं एकही बोललो नाही, अक्का. पार्ट खरंच मिळत नाहीत.”

“खोटं नव्हतंच. पण ते माझ्यासाठीही नव्हतं. रोज चालवता ना ही?”

“रोज सकाळी. आमचे दादाजी मंदिरातून पूजा करून यायच्या आत.” तो एकदम हसला, चोरी पकडली गेल्यावर सुटका झाल्यासारखं. “या पुलापर्यंत यायचं आणि परत. सात मिनिटं. बस.”

“मग ठेवून घ्या की तुम्हीच. दुकान तुमचंच आहे.”

“तेच तर जमत नाही. आमच्यात दुकानातला माल घरात घेत नाहीत. दादाजींचा नियम. कपाशीचं बियाणं विकत होते तेव्हापासूनचा. दुकानदारानं मालावर जीव लावला की दुकान बसलं समजायचं. परवा त्यांनी विचारलं, ‘रोनक, ये लाल गाडी जाती क्यूं नहीं?’ मी काय सांगू? आणि घरी मुलगा, मनन, सव्वा वर्षाचा आहे. दोन सीटांच्या गाडीत आम्ही तिघं कुठं बसणार?”

दिपमालाला त्याचा राग यायला हवा होता. नव्वद किलोमीटर येऊन तिनं फुकटचा सल्ला ऐकला होता, आणि तोही लबाड. पण राग आला नाही. एका गाडीपायी माणूस स्वतःच्या दुकानाशी बेइमान झाला होता, आणि ते तिला आत कुठंतरी कळत होतं.

“उतरा,” ती म्हणाली. “बाजू बदलू.”

तिनं सीट पुढं घेतली. आरसे लावले. पट्टा लावला. गुडघा कुरकुरला, त्याच्याकडे तिनं लक्ष दिलं नाही. डावीकडे रोनक बसला. या गाडीत डाव्या सीटवर तो पहिल्यांदाच बसत असावा. हात कुठं ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

गाडी निघाली. पहिला गिअर, दुसरा, जरासा उजवीकडून, तिसरा. चाळीस. काटा चाळिसावर आला आणि तिथंच राहिला. शंभर पावलांवर एक कुत्रं रस्त्याच्या कडेला झोपलं होतं. दिपमालाचा पाय ब्रेकवर. पुढं एक मोटारसायकल स्वतःच्या लेनमधून सरळ चाललेली, पाय ब्रेकवर. मागून हॉर्न वाजला. केळीचा ट्रक त्यांना मागं टाकून गेला. मग एक जीप. मग कापसाचा ट्रॅक्टर. ट्रॅक्टरवरच्या माणसानं मान वाकवून आत बघितलं. एवढी लाल गाडी आणि आत अशी कोण म्हातारी, असंच त्याच्या चेहऱ्यावर होतं.

 पलकचा प्रश्न शेजारी येऊन बसला होता आणि त्याचं उत्तर, तिला वाटलं, मिळालं होतं. येत नाही. मला खरी गाडी येत नाही.

“अक्का, एक सांगू?” रोनक म्हणाला. “दुकानदार म्हणून नाही सांगत.”

“सांगा.”

“पुढं कोणी नाहीये. ब्रेकवरून पाय काढा.”

“काढता येत नाही मला.” तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. डोळे भरून आले होते आणि रस्ता धूसर दिसू लागला होता. “बावीस वर्षं तोच एक धंदा केला मी. दुसरा कोणी चुकेल, दुसरा कोणी मरेल, म्हणून पाय ठेवून बसले. मी काढला आणि काही झालं तर?”

 रोनक सीटवर नीट सरसावून बसला आणि समोर बघू लागला.

“मी बघतो ना. आज डावीकडे मी आहे. काही आलं तर ओरडेन. तुम्ही नुसती चालवा.”

एवढं साधं वाक्य. पण तिच्या शेजारी बसून असं कुणी तिला कधी म्हटलं नव्हतं. तसं म्हणण्याचं काम तिचं होतं.

तिनं पदरानं डोळे पुसले. मग पाय उचलला आणि ॲक्सिलरेटरवर ठेवला. नुसता ठेवला नाही, दाबला.

गाडीचा आवाज बदलला. पन्नास. साठ. गाडीनं जणू मान ताठ केली. चौथा गिअर तिनं टाकला तो आपोआप पडला. हात काहीच विसरला नव्हता. सत्तर. ऐंशी. ट्रॅक्टर मागं गेला. जीप मागं गेली. केळीच्या ट्रकला ओलांडताना तिनं इंडिकेटर दिला, आरसा पाहिला, अंतर ठेवलं, सगळं शिकवल्याबरहुकूम, आणि पुढं आल्यावर ती मोठ्यानं हसली. पाळधीपर्यंतचा रस्ता असा भर्रकन संपला.

रोनक दाराचं हँडल घट्ट धरून बसला होता. त्याचा उजवा पाय पुढच्या पत्र्यावर कचकन रोवलेला.

“तिथं ब्रेक नाहीये,” दिपमाला म्हणाली.

परतीलाही गाडी तिनंच चालवली. दुकानाच्या गेटशी खुर्ची टाकून रोनकचे दादाजी, माणकचंद, बसले होते. पांढरं धोतर, कपाळावर केशराचा टिळा. त्यांनी गाडीतून उतरणाऱ्या दोघांकडे पाहिलं. नातू डाव्या बाजूनं उतरला, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नाही.

“बाईंना पसंत पडली?” त्यांनी विचारलं.

“पडली, दादाजी,” रोनक म्हणाला.

म्हाताऱ्यानं नातवाच्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग आतून कुंकू मागवलं आणि स्वतः उठून, गुडघ्यावर हात टेकत, बॉनेटवर स्वस्तिक काढलं. दर गाडीवर ते स्वतः काढत नसत, एवढं तिला कामावरच्या माणसांच्या चेहऱ्यांवरून कळलं.

कागदांवर सह्या होईपर्यंत रोनक तिच्यामागं मागं फिरत होता. आता त्याच्या तोंडून सल्ल्यांची धार लागली होती, आणि हे सल्ले मात्र तिच्यासाठी होते. “थंडीत सकाळी चालू केली की दोन मिनिटं थांबा, लगेच पळवू नका. पावसाळ्यात डावी काच जरा अडते, वरून तळहातानं दाबायची. पेट्रोल अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका, काटा खोटं बोलतो. काही पार्ट लागला तर फक्त फोन करा, मुंबईहून मागवून देतो. गाडी नवा कलर मारायला कुणाच्या हाती देऊ नका, अक्का. आहे तोच चांगला दिसतो.”

“जळगावला आले की चावी देईन तुम्हाला,” दिपमाला म्हणाली. “पुलापर्यंत. पण क्लचवर पाय दिसला तर उतरवून देईन.”

तो हसला. मग एकदम आत निघून गेला. गाडी गेटमधून बाहेर पडताना बघायला तो आला नाही, आणि तिनंही वाट पाहिली नाही.

एरंडोल आलं, गेलं. पारोळ्याला तिनं चहा घेतला. चहावाल्यानं विचारलं, “गाडी कोणाची?” ती म्हणाली, “माझी,” आणि आणखी एक चहा घेतला. पुढं रस्ता मोकळा मिळाला. दोन्ही बाजूंना वेचून संपत आलेली कपाशी. शेजारची सीट रिकामी. तिथं कुणी घाबरत नव्हतं, कुणी गिअर विसरत नव्हतं. मधूनच तिच्या लक्षात यायचं, पाय आपण होऊन ब्रेककडे सरकलाय. ती त्याला परत आणायची. एकदा, दोनदा, पाच वेळा. मुकटीच्या पुढं तिनं मोजणं सोडून दिलं.

धुळं आलं. पारोळा चौफुली ओलांडून ती गावात शिरली आणि तिला पुढं पांढरी गाडी दिसली. मागच्या काचेवर लाल एल. तिच्याच स्कूलची. डावीकडे रिद्धीची वेणी ओळखू आली. दिपमालानंच तयार केलेली मुलगी, आता तिच्या जागेवर. उजवीकडे कुणीतरी बाई, खांदे कानापर्यंत चढलेले. गाडी नागमोडी चालली होती. जरा डावीकडे, जरा उजवीकडे, मग एकदम दचकून मधोमध.

दिपमालाचा पाय ब्रेकवर गेला. या वेळी गरजच होती. ती हळू झाली आणि त्या गाडीच्या मागं मागं चालू लागली. वीस. मागं ट्रकवाला हॉर्न देऊ लागला. तिला वाटलं, आपण असंच मागं राहावं. ट्रक अडवून धरावा. ती बाई घाबरली तर? रिद्धीला वेळेवर ब्रेक सुचला नाही तर?

थोडं अंतर ती तशीच गेली. समोरचा रस्ता रिकामा होता. रिद्धीची मान हलली; ती काहीतरी सांगत होती, शांतपणे, आणि त्या बाईचे खांदे हळूहळू खाली आले.

दिपमालानं इंडिकेटर दिला. हॉर्न दिला नाही. शिकणारं माणूस हॉर्ननं बावचळतं. भरपूर अंतर सोडून, उजवीकडून, तिनं लाल गाडी पुढं काढली. बाजूला बघावं असं फार वाटलं, पण चालवताना बाजूला बघायचं नसतं. तिनं तिसरा गिअर टाकला आणि मग आरसा पाहिला.

आरशात पांढरी गाडी लहान लहान होत होती. सरळ येत होती.